माझे आठ खुंटे

मित्रांनो, इंटरनेटवर ज्याच्या नावापुढे एकच तारा उमटला आहे, तो मीच. ताऱ्याखाली लिहिलं आहे, "पहिल्याच मोठ्या वाऱ्यात दगा दिला. कोणीही घेऊ नका." मी एक गाडीतंबू आहे, गाडी आत उभी करायचा तंबू. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताडपत्रीसारखं जाड राखाडी कापड, पुढे दोन चेनचा पडदा आणि पायांशी जमिनीत रोवलेले आठ खुंटे, असं माझं शरीर होतं. आज मी अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावात एका घरासमोर, रस्त्याच्या कडेला, दोरीनं बांधून पडलो आहे. उद्या मंगळवार, कचऱ्याची गाडी येण्याचा दिवस. ती येण्याआधी माझी बाजू तुमच्या कानांवर घालावी म्हणतो. निकाल लागून गेला, पण मला कोणी विचारलंच नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. जन्मल्याबरोबर माझी घडी घातली आणि एका लांबट खोक्यात भरलं. तळाशी एका वेगळ्या पिशवीत माझे आठ खुंटे होते. साधे सरळ खुंटे नव्हेत ते. प्रत्येकाच्या टोकाला स्क्रूसारखं पातं आणि डोक्याला एक कडी होती. कडीत पहार घालून फिरवलं की खुंटा जमिनीत पिळत पिळत हातभर खोल जायचा. समुद्रावरच्या त्या सगळ्या प्रवासात ते माझ्या पायांशी खणखणत होते. तेवढीच मला सोबत होती.

मला विकत घेतलं सिद्धेशनं. हा मूळचा नागपूरचा, एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारा, हसतमुख आणि कुणालाही नाही न म्हणणारा गृहस्थ. त्याची बायको नेत्रा कल्याणची. ती डायलिसिस सेंटरमध्ये नर्स होती. तिचा हात इतका हलका की सुई कधी गेली ते पेशंटला कळत नसे. म्हातारे पेशंट तिच्याच खुर्चीसाठी अडून बसत. पहाटे पाचला पहिला पेशंट खुर्चीत बसायचा, म्हणून नेत्राला साडेचारलाच गाडी काढावी लागे.

आता तुम्ही विचाराल, घराला गॅरेज नव्हतं का? होतं की! चांगलं ऐसपैस, दोन गाड्यांचं होतं. एका बाजूला सिद्धेशची गाडी असे. दुसऱ्या बाजूला नेत्राची असायला हवी होती, पण तिथं मंडळ राहत असे. सिद्धेश मराठी मंडळाचा सेक्रेटरी होता. मंडळाला स्वतःची जागा नाही, म्हणून थर्मोकोलचं मखर, साठ फोल्डिंग खुर्च्या, नऊ ढोल, चहाचे दोन मोठे थर्मास आणि कधीकाळच्या एका नाटकातला पुठ्ठ्याचा किल्ला, हे सगळं त्या अर्ध्या गॅरेजात मुक्कामाला आलं आणि तिथंच राहिलं. लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात सिद्धेशचा हात कुणी धरला नसता. घरची भाकरी मात्र राहून जाई, आणि नेत्राची निळी गाडी बाहेर बर्फात उभी राही.

मी येण्याआधीच्या हिवाळ्यात ती रोज पहाटे हातमोजे घालून काच खरवडत असे. दार गोठून चिकटायचं. एका सोमवारी तर अर्धा तास झटूनही ते उघडलं नाही आणि तिचा पहिला पेशंट तिकडे वाट बघत बसून राहिला. त्या दिवशी घरी येऊन ती स्वयंपाकघरात रडली म्हणे. तेव्हा सिद्धेशनं तिला शब्द दिला, "पुढच्या विंटरला तुला काच खरवडावी लागणार नाही. प्रॉमिस." आणि गॅरेज रिकामं करायच्या ऐवजी त्यानं मला ऑर्डर केलं.

मला उभं करायला दोन घरं पलीकडचे अरुणकाका आले. काका रिटायर्ड इंजिनियर, चाळीस वर्षं या देशात राहिलेले. कुठल्याही वस्तूबरोबर आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा त्या गल्लीतला तो एकटा माणूस. सिद्धेशचं आपलं चाललं होतं, "काका, व्हिडिओ बघितलाय मी, अर्ध्या तासात डन." काकांनी चष्मा नाकावर चढवला आणि म्हणाले, "गॅरेज रिकामं करण्यापेक्षा नवीन गॅरेज आणणं सोपं, काय रे?" सिद्धेश हसला. काका हसले नाहीत.

घराच्या बाजूला खडीचा एक पट्टा होता. त्यावर माझ्या नळ्या जोडल्या, कापड चढवलं, पट्टे आवळले. मग काकांनी आठही खुंटे स्वतः पिळले. साठी-सत्तरीचा माणूस, पण एकेका खुंट्याला वाकून दोन्ही हातांनी हलवून बघत होता. "खुंटा हलवून बळकट करावा म्हणतात ना, ते हे," ते नेत्राला म्हणाले. "हे बघ पोरी. तंबू कापडावर उभा नसतो, खुंट्यांवर उभा असतो. वारा एकदा आत शिरला की हा उडायलाच बघणार, तो त्याचा धर्म आहे. त्याला धरून ठेवणं आपलं काम. आणि जमीन गोठली की पहार घेऊन नाचलास तरी खुंटा आत जायचा नाही, सिद्धेश. काय करायचं ते नोव्हेंबरच्या आत."

"येस सर," सिद्धेश म्हणाला.

त्यानंतरची चार वर्षं, मित्रांनो, मी सुखात काढली. सुखात म्हणजे आरामात नव्हे. अंगावर वीतभर बर्फ साचायचा, शून्याखाली वीस अंशात माझं कापड पापडासारखं कडक व्हायचं. पण नेत्राला माझी निगा राखता येत होती. लांब दांड्याच्या झाडूला तिनं जुन्या सुती साडीचा बोळा गुंडाळला होता, माझं कापड फाटू नये म्हणून. बर्फ पडायला लागला की ती आतून छताला हळूच वर ढकलायची आणि बर्फ दोन्ही अंगांनी धप्पकन खाली यायचा. कधीही तिनं तो साचू दिला नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती सगळे पट्टे आवळायची. आत ओल धरू नये म्हणून दुपारी मागचा पडदा थोडा वर गुंडाळून ठेवायची. आणि पहाटे गाडीत बसण्याआधी माझ्या उजव्या हाताच्या पुढच्या खांबावर बोटांनी दोन टिचक्या मारायची. "येते रे," म्हणायची. चार वर्षांत एकदाही तिला काच खरवडावी लागली नाही, आणि एकदाही तिचा पेशंट खोळंबला नाही.

कौतुकही थोडं झालं नाही. पॉटलकला, म्हणजे आपापला पदार्थ घेऊन जेवायला, आलेल्या लोकांना सिद्धेश मुद्दाम बाहेर आणून मला दाखवायचा. "बेस्ट डिसिजन यार! बायको खूश, गाडी खूश." माझ्या पाठीवर थाप मारायचा. उन्हाळ्यात त्यांची लेक अनिका माझ्या सावलीत चटई टाकून पुस्तक वाचायची. मी आलो तेव्हा ती पाच वर्षांची होती, माझ्यासमोरच नऊची झाली. मी घरचाच झालो, असं मला वाटायला लागलं होतं. चूक माझीच. गाडीतंबूनं असं काही वाटून घेऊ नये.

पाचव्या वर्षी मंडळानं ठरवलं की गणपती यंदा पार्कात बसवायचा, उघड्यावर, मोठा मांडव घालून. बुधवारी संध्याकाळी सिद्धेश पहार घेऊन माझ्यापाशी आला आणि त्यानं माझा पहिला खुंटा उलटा पिळायला सुरुवात केली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून नेत्रानं विचारलं, "अरे, ते कशाला काढतोयस?"

"पार्कात मांडव लावायचाय. वीकेंडला विंडी आहे म्हणतात. सोमवारी परत लावतो."

"सोमवारी म्हणजे सोमवारी हं, सिद्धेश."

"प्रॉमिस गं."

खरं सांगतो, मला तेव्हा वाईट वाटलं नाही. उलट अभिमानच वाटला. माझे खुंटे बाप्पाचा मांडव धरणार! सप्टेंबरची हवा मऊ होती, खुंट्यांवाचून चार दिवस उभं राहणं काही अवघड नव्हतं. मी सोमवारची वाट बघत राहिलो.

सोमवार आला. रविवारी रात्रीच मंडळाचं सामान गॅरेजात परत आलं होतं आणि एका खोक्यात माझे आठ खुंटे खणखणताना मी ऐकले होते. माझ्या आणि त्यांच्यामध्ये एक भिंत होती, बस. दहा पावलं. सिद्धेश गाडीतून उतरला, माझ्याकडे न बघता घरात गेला. मंगळवारी तसंच. मग नवरात्राचा गरबा आला, मग दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी, मग ऑफिसात काहीतरी रिलीज. समोरच्या मेपलची पानं गळून माझ्या पायांशी साचायला लागली. आठ भोकं उघडी पडली होती, त्यात पानं शिरून बसली. सिद्धेश दुष्ट नव्हता, मित्रांनो. त्याला सगळ्यांचं सगळं करायचं होतं. फक्त ज्यांचं करायला कुणी तगादा लावत नाही, त्यांचं राहून जायचं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नेत्रा दारात उभी राहून म्हणाली, "थंडी पडायला लागली. खुंटे लावलेस ना रे परत?"

सिद्धेश ड्राइव्हवेवर फोनवर बोलत होता. त्यानं फोनवर हात ठेवला आणि म्हणाला, "हो गं, केव्हाच!"

मी तिथंच उभा होतो. त्याच्यापासून हातभर अंतरावर. माझ्या कापडाची झालर आतून-बाहेरून जमिनीला टेकलेली, त्यामुळे नेत्राला माझे पाय दिसत नव्हते. तिनं मान डोलावली आणि आत गेली. तिनं वाकून बघायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. नवऱ्यानं लावले म्हटलं की लावले, असं समजणारी बाई ती. माझ्या अंगाला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आपल्याला कशात तरी सामील करून घेतलं आहे.

पुढच्या शनिवारी त्याला जरा टोचणी लागली असावी. त्यानं गॅरेजात जाऊन दोन-चार खोकी इकडची तिकडे केली. माझे खुंटे असलेलं खोकं सगळ्यांच्या तळाशी होतं. तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला. आठवड्याभरात जमीन गोठली. पहारीचं टोक तिच्यावर टण्णकन आपटून परत आलं. मग त्यानं काय केलं सांगू? तांदळाच्या रिकाम्या पिशव्या. महिन्याला वीस पौंडांची एक, अशा घरात साचलेल्या होत्याच. त्यात दुकानातून आणलेली वाळू भरली, तोंडं सुतळीनं बांधली आणि आतून माझ्या एकेका पायावर एकेक पिशवी ठेवून, नेत्राला दिसू नये म्हणून वर झालर दुमडून दिली. चार वर्षं मला ज्यांनी जमिनीशी बांधलं, त्यांच्या जागी आठ तांदळाच्या पिशव्या!

अनिका शाळेतून आली तेव्हा तो शेवटची पिशवी ठेवत होता. "बाबा, व्हाय इज देअर राइस इन हिअर?"

"राइस नाही गं, वाळू आहे. वजन. जुगाड!"

"पण अरुण आजोबा सेड यू नीड द स्क्रू थिंग्ज."

"स्प्रिंगमध्ये लावतो ना. आणि हे बघ, आईला बोलू नकोस हां. ती उगाच टेन्शन घेते. ओके?"

अनिकानं माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे. "ओके," ती म्हणाली. पण ती लगेच घरात गेली नाही. पिशवीवरच्या तांदळाच्या चित्राकडे बघत थोडा वेळ उभी राहिली.

अरुणकाका असते तर एका फेरीत त्यांनी सगळं ओळखलं असतं. पण ते थंडीचे दोन महिने मुलाकडे, दक्षिणेतल्या उबदार प्लेनोला गेले होते. डिसेंबरात त्यांचा फोन आला. सिद्धेश माझ्या आत, नेत्राच्या गाडीत सामान चढवत होता, फोन स्पीकरवर होता. "मी नाहीये तिथं. एकदा खुंटे हलवून बघ हं," काका म्हणाले. "बघितले काका, एकदम सॉलिड," सिद्धेश म्हणाला. हे सांगताना त्याचा पाय माझ्या पायावरच्या पिशवीला लागला होता.

डिसेंबरच्या वाऱ्यात माझे पुढचे पाय दोन-दोन बोटं उचलायला लागले. उचलले की पिशवी घसरायची, खाली आले की खडीवर आपटायचे. एका पिशवीची शिवण उसवली आणि वाळू झिरपायला लागली. मी मुद्दाम जास्त फडफडलो, नळ्या खडखडवल्या. एवढंच माझ्या हातात होतं. एकदा टिचक्या मारता मारता नेत्रा थबकली. संध्याकाळी सिद्धेशला म्हणाली, "हा हल्ली फार आवाज करतो रे. एकदा बघ ना."

"जुना झालाय ना," सिद्धेश म्हणाला.

मित्रांनो, हा शब्द मला त्या वर्षातल्या सगळ्या थंडीहून जास्त लागला. माझी एक शिवण सैल नव्हती, एक नळी गंजलेली नव्हती. माझ्या पायाखालचं त्यानं काढून नेलं आणि वर मलाच जुना म्हणाला.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी मंडळाचं हळदीकुंकू होतं, शाळेच्या हॉलमध्ये, दुपारी दोनला. सकाळपासून वाऱ्याचा इशारा होता. सिद्धेश दहालाच स्पीकर घेऊन निघून गेला. एक वाजता नेत्रा बाहेर आली. काठापदराच्या साडीवर जाडजूड कोट, पायात बूट, डाव्या हातात तिळाच्या लाडवांचा स्टीलचा डबा. मागे अनिका, परकर-पोलक्यावर जॅकेट घालून. नेत्रानं टिचक्या मारल्या आणि पडद्याची एक चेन वर ओढली. मग दुसरी.

वारा नेमका समोरून आला. उघड्या तोंडातून तो माझ्या पोटात शिरला आणि मी फुगलो. तांदळाच्या पिशव्या खेळण्यातल्यासारख्या कलंडल्या. माझे पाय जमिनीवरून सुटले. मी जीव तोडून खाली राहायचा प्रयत्न केला हो! पण कशाला धरून राहणार? धरायला काही ठेवलंच नव्हतं.

"अनिका, मागे हो!" नेत्रा ओरडली. आणि मग तिनं जे केलं ते मी शेवटपर्यंत विसरणार नाही. ती पळाली असती तर काही झालं नसतं. तिनं डबा टाकला आणि उजव्या हातानं माझा तोच खांब धरला, टिचक्यांचा. तिला वाटलं, बाकीचे खुंटे आहेत, एक पाय सुटला असेल, आपण क्षणभर धरलं तर राहील. तिचा माझ्यावर विश्वास होता. मी फिरलो, खांब पिळला गेला आणि तिचं मनगट खांब आणि गाडीचं दार यांच्यात सापडलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग मी गाडीची पुढची काच फोडून, शेजारच्या कुंपणावर जाऊन पडलो. बर्फावर तिळाचे लाडू विखुरले होते. अनिका ते वेचत होती आणि रडत होती, दुसरं काय करावं ते तिला सुचत नव्हतं.

ज्या हाताला मी चार वर्षं थंडी लागू दिली नाही, तो हात माझ्याच अंगानं मोडला. मनगटात दोन ठिकाणी. डॉक्टर म्हणाले, तीन महिने सुईला हात लावायचा नाही, आणि त्यानंतरही बोटांना पूर्वीचा हलकेपणा येईल की नाही, हे आता सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सिद्धेश माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, आता तरी हा मान खाली घालेल. त्यानं फोन काढला, माझे चार कोनांतून फोटो काढले आणि मोठ्यानं बोलत टाइप करायला लागला. "चीप क्वालिटी. पहिल्याच मोठ्या वाऱ्यात दगा दिला. माझ्या वाइफला इंज्युरी झाली. झिरो स्टार देता येत नाही म्हणून एक." नाचता येईना अंगण वाकडं! चोर सोडून संन्याशाला फाशी! अशा म्हणी माणसांनी आपल्याच अनुभवावरून केल्या असतील, पण त्या दिवशी त्यांचा अर्थ मी अंगानं शिकलो. पायऱ्यांवर अनिका बसली होती. तिनं सगळं ऐकलं. तिथून उठून ती गॅरेजात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढच्या रविवारी काका परत आले आणि तडक आमच्याकडे आले. नेत्रा प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून त्यांच्याबरोबर बाहेर आली. मला तोवर कुंपणावरून काढून खडीवर पसरून ठेवलं होतं. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या रिकाम्या जागेकडे. तांदळाच्या फाटक्या पिशव्या सिद्धेशनं केव्हाच उचलून टाकल्या होत्या.

"खुंटे कुठायत, सिद्धेश?"

"वाऱ्यानं उपटले काका. गेले कुठेतरी."

"आठही?"

"स्टॉर्मच तसा होता."

काका गुडघ्यावर बसले. म्हाताऱ्या माणसाला बर्फात बसायला वेळ लागतो, पण कुणी त्यांना थांबवलं नाही. किल्लीच्या टोकानं त्यांनी एका भोकाच्या तोंडावरचा बर्फ उकरला. आतून मेपलचं एक लाल पान निघालं. मग दुसरं. खाली गच्च भरलेली होती. काकांनी ती तळहातावर ठेवून नेत्रासमोर धरली. "ही पानं ऑक्टोबरात पडली. खुंटा गेल्या आठवड्यापर्यंत या भोकात होता, तर ही आत गेली कशी?"

तेवढ्यात गॅरेजचं दार घरघरत वर गेलं. अनिका एक खोकं ओढत बाहेर आणत होती. त्यावर सिद्धेशच्याच अक्षरात लिहिलं होतं, "मखर. नाजूक. उलटं ठेवू नये." तिनं ते आईच्या पायाशी आणलं आणि उघडलं. रंगीत कागदांच्या झुरमुळ्यांखाली माझे आठ खुंटे होते. त्यांच्या पात्यांना अजून पार्कातली माती चिकटलेली होती.

"आय फाउंड देम दॅट डे. लास्ट संडे," अनिका म्हणाली. "आय वॉज स्केअर्ड टू टेल."

नेत्रा खाली वाकली. डाव्या हातानं तिनं एक खुंटा उचलला. "नोव्हेंबरात मी विचारलं होतं, सिद्धेश."

"अगं, जमीन गोठली, मग मी म्हटलं स्प्रिंगमध्ये..."

"मी विचारलं होतं."

"बाबा टोल्ड मी नॉट टू टेल यू," अनिका म्हणाली आणि आईच्या कोटात तोंड लपवून रडायला लागली. "इफ आय टोल्ड यू, युअर हँड..."

तोवर नेत्राच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त दमणूक होती. आता तिनं नवऱ्याकडे बघितलं. "माझ्याशी खोटं बोललास, ते मी बघेन काय करायचं. पण हिला? नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर माझ्या मोडलेल्या हाताचं ओझं ठेवलंस तू?" सिद्धेश गॅरेजच्या उंबऱ्यावर मटकन बसला. मंडळाच्या साठ खुर्च्या मागे होत्या, पण तो जमिनीवरच बसला. "चुकलं माझं," तो म्हणाला. काकांनी पानं खाली टाकली, हात झटकले आणि ते घरी गेले.

त्या आठवड्यात सिद्धेशनं मंडळाचं सगळं सामान एका भाड्याच्या खोलीत हलवलं. अर्धं गॅरेज एका दिवसात रिकामं झालं. इतकं सोपं होतं ते! नवी काच बसवलेली निळी गाडी पाच वर्षांनी घरात गेली.

आणि मी? काका माझ्यासाठी येऊन गेले. त्यांनी माझं अंग तपासलं आणि नेत्राला म्हणाले, "दोन नळ्या बदलल्या आणि इथं ठिगळ लावलं की हा आणखी चार हिवाळे काढेल. याचा काही दोष नव्हता, पोरी." माझ्या मनात, मित्रांनो, आशा उभी राहिली. खरं बाहेर आलं होतं. आता न्याय होणार.

"ठाऊक आहे मला, काका," नेत्रा म्हणाली. "पण आता त्याच्याखाली उभं राहायला भीती वाटते हो."

सिद्धेशनं माझे खुंटे काढले, ते मी सोसलं. खोटं बोलला, एक तारा दिला, तेही सोसलं. पण सगळं खरं कळल्यावरही नेत्राला माझी भीती वाटावी, हे मला सोसत नाही. तिचं चूक आहे असं मला म्हणताही येत नाही. दुसऱ्यानं केलेल्या दग्याचा डाग माझ्या अंगावर पडला, तो आता धुऊन जायचा नाही. अनिकानं बापाला दोनदा सांगितलं, "बाबा, चेंज द रिव्ह्यू." तो म्हणाला, "हो, करतो." तो तारा अजून तसाच आहे.

आज सकाळी त्यांनी मला इथं आणून ठेवलं. नेत्रा बघायला आली. माझा उजवा पुढचा खांब गाठोड्यातून बाहेर डोकावत होता. सवयीनं तिचा हात पुढे झाला, डावा हात, दोन बोटं उचललेली. मग तो मध्येच थांबला. तिनं बोटं मिटली, कोटाच्या खिशात घातली आणि ती आत गेली.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. मला दुरुस्त करा, असं मी म्हणत नाही. तुमच्या घराबाहेर कुणी थंडीवाऱ्यात मुकाट उभं असेल, तंबू असो की माणूस, तर कधीतरी वाकून त्याच्या पायांकडे बघा. त्याच्या पायाखालचं काही चार दिवसांसाठी म्हणून काढून नेलं असेल, तर ते शोधा, खोक्यांच्या तळाशी असलं तरी शोधा. स्वतःच्या हातांनी परत लावा आणि हलवून बघा. "लावलं" असं नुसतं म्हणू नका. आणि हे सगळं जमीन गोठायच्या आत करा. नंतर खुंटे सापडतात, मित्रांनो. माझे आठही सापडले. पण ते रोवायला जागा उरली नव्हती.